डोळ्याची पिशवी

माझा डावा डोळा रडायचा. मी नाही, तो. मी हसत असले, जेवत असले, बालवाडीतल्या पोट्ट्यांना गाणं शिकवत असले, तरी त्याच्या कोपऱ्यातून पाण्याची धार निघायची आणि नाकाच्या कडेने ओठापर्यंत यायची. पदराचं एक टोक कायम ओलं. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या. नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबला की पिवळट घाण वर यायची. ती पुसायची, तोंड धुवायचं आणि कामाला लागायचं. हे मी इतकी वर्षं केलं की त्याला आजार म्हणतात हेच विसरून गेले.

आणि खरं सांगू? त्या डोळ्यावर माझा थोडा जीवही होता. उजवा डोळा मिटून नुसत्या डाव्याने बघितलं की एटापल्लीचं जंगल पाण्याखाली गेलेलं दिसायचं. वारा नसताना साग हलायचे. कंदिलाला लांबच लांब किरणं फुटायची. अंगणात वाळत घातलेलं लुगडं कुणी माणूस असल्यासारखं हळूहळू चालत यायचं. मी मुळातलीच स्वप्नाळू, त्यात असा डोळा मिळाला. भात करपायचा आणि मी दाराच्या चौकटीत एक डोळा मिटून उभी. सासूबाई आतून ओरडायच्या, "झोपली काय वं उभ्यानंच?"

सासूबाईंना आम्ही सगळे बाईच म्हणायचो. विहारात वंदनेला पहिला आवाज त्यांचा, आणि गल्लीतल्या भांडणातही.

काऊन रडते?

मला बघायला आले तेव्हाही डोळा वाहत होता. खाली मान घालून पोह्यांच्या बशा दिल्या आणि टपकन एक थेंब बशीत पडला. मुलगा घाबरला. हळूच म्हणाला, "तुमची मर्जी नाई काय? काऊन रडता?" मी म्हटलं, "मी नाई रडून राह्यली. डोळा तसाच आहे." तो हसला, मीही हसले. लग्न जमलं ते या डोळ्यामुळेच, असं मी अजून त्यांना चिडवते.

पण लग्नानंतर सासरी "काऊन रडते" हे कुणी विचारलं नाही. विचारायचं कशाला? ही तर रोजच रडते. मी खरंच रडले तर "डोळा पूस" एवढंच ऐकू यायचं.

मला दिवस गेले होते. ते तिसऱ्या महिन्यातच संपलं. घरच्या घरी, एका दुपारी. यजमान भामरागडकडच्या आश्रमशाळेत शिक्षक होते, ते तिकडे. बाईंनी मला गरम पाणी दिलं, लुगडं बदललं, दोन दिवस उठू दिलं नाही. तोंडाने मात्र एक शब्द नाही. तिसऱ्या दिवशी मी चुलीपुढे बसले होते आणि दोन्ही डोळे वाहत होते. बाई आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "डोळा पूस, धूर लागते." मी डोळा पुसला. त्या दिवशी मला त्या डोळ्याचा पहिल्यांदा राग आला. माझ्या रडण्याची याने काही किंमतच ठेवली नव्हती.

कोपऱ्यात गाठ

पुढच्या पावसाळ्यात डोळ्याच्या कोपऱ्यात, नाकाला लागून, बोराएवढी गाठ आली. लाल, तापलेली, नुसता वारा लागला तरी ठणकायची. दोन दिवसांत डोळा दिसेनासा झाला, गाल सुजला, अंगात ताप चढला. भामरागडचा रस्ता पुराने बंद होता, म्हणजे यजमान नदीच्या पलीकडे. बाईंनी हळद लावली, कडुलिंबाचा पाला बांधला, मग घाबरून मला चंद्रपूरच्या बसमध्ये बसवलं. घरात धान, गाय आणि वरून गळणारं छप्पर, म्हणून त्या मागे राहिल्या. बसचे कंडक्टर रामटेके भाऊ आमच्या ओळखीचे. आमच्याकडचे निरोप, औषधं, लग्नाच्या अक्षता, सगळं त्यांच्याच हातून जायचं. त्या दिवशी मीही गेले.

तो प्रवास मला स्वप्नासारखाच आठवतो. तापात मी खिडकीला टेकले होते. आलापल्लीचं जंगल संपतच नव्हतं. झाडं बसच्या आत येऊन बसली आहेत आणि तिकीट मागताहेत असं काहीतरी वाटत होतं. रामटेके भाऊ मधूनमधून म्हणायचे, "ताई, झोपू नका, पडसान." मी बहुतेक झोपलेलीच होते.

दवाखान्यात इंजेक्शनं सुरू झाली, गरम पाण्याचा शेक सुरू झाला. गाठ फुटली, पू वाहून गेला, ताप उतरला. शेजारच्या खाटेवर सिरोंचाकडची एक म्हातारी होती, मोतीबिंदूची. तिला मराठी येत नव्हतं, मला तेलुगू येत नव्हतं. तिने एका डोळ्याने माझा वाहता डोळा बघितला आणि खाट सोडून माझ्याजवळ आली. "एडवकू अम्मा, एडवकू," म्हणत माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सिस्टरने सांगितलं, रडू नको म्हणतात त्या. मी रडत नव्हते. पण तो हात पाठीवर आला आणि मला रडू फुटलं.

खारट लागलं का?

डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे, बोलणं अगदी पुस्तकातलं. सूज पूर्ण उतरल्यावर त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. म्हणाले, "डोळ्यातलं पाणी रोज नाकात उतरत असतं, आपल्याला कळत नाही. पापणीच्या टोकाला बारीक छिद्र असतं, तिथून पाणी एका छोट्या पिशवीत जातं, पिशवीतून नाकात. आता मी त्या छिद्रातून मिठाचं पाणी सोडतो. घशात खारट लागलं तर सांगा."

बोथट सुई आत गेली. मी डोळा ताणून, श्वास धरून वाट बघत राहिले.

"खारट लागलं का?"

"नाही."

"आता?"

"नाही, साहेब."

सगळं पाणी उलटून गालावरच आलं. त्यांनी पुन्हा करून बघितलं, पुन्हा तेच. त्यांनी सुई ठेवली आणि नाकाजवळ बोट ठेवून म्हणाले, "खालची वाट बंद आहे. पिशवीत पू साचतो. पुन्हा गाठ येणार आणि दर वेळी ती इतक्यावर थांबेल असं नाही, डोळ्याला धोका आहे. पिशवी काढून टाकू. लहान ऑपरेशन आहे."

"मग डोळा वाहणार नाही?"

"पू थांबेल. पाणी मात्र वाहणारच. त्याला जायला जागाच राहणार नाही ना."

जन्मभर? मी "बरं" म्हटलं. डॉक्टरांपुढे बरंच म्हणायचं असतं, एवढंच मला माहीत होतं. खाटेवर येऊन पडले आणि छताच्या पंख्याकडे डाव्या डोळ्याने बघत राहिले. पंखा पाण्यात फिरत होता. मला वाटलं, मी म्हातारी होईन, मरेनसुद्धा, आणि हा डोळा तेव्हाही माझ्या नावाने खोटं खोटं रडत असेल.

त्याच दुपारी रामटेके भाऊ बाईंनी दिलेला चिवडा घेऊन आले. खाटेपासून हातभर लांब उभे राहिले. "काय म्हन्ते डॉक्टर?"

"पिशवी काढतो म्हन्ते," मी सांगितलं.

भाऊंचा चेहरा एकदम पडला. त्यांनी मान खाली घातली, डबा खाटेवर ठेवला, "बरं, बरं, काळजी घ्या" असं काहीतरी पुटपुटले आणि पुढचं काही न विचारता निघून गेले. मला वाटलं, पू-रक्ताचं ऐकून भाऊंना मळमळलं असेल.

बाई येतात

आमच्या भागातली कुणी बाई हे वाचत असेल तर तिला एव्हाना कळलं असेल. आमच्याकडे बाईची पिशवी म्हणजे एकच पिशवी. ती पोटात असते, तिच्यात लेकरू वाढतं, आणि ती काढली की विषय संपला. हे माझ्या डोक्यात आलंच नाही. माझं सगळं लक्ष डोळ्यात.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी वॉर्डच्या दारात आरडाओरडा झाला. "आत जाऊ नका, वेळ नाही भेटायची," सिस्टर म्हणत होत्या. आणि त्यांच्या वरचा आवाज, जो मी हजारांत ओळखला असता, म्हणत होता, "वेळ गेली तिकडं! माझ्या सुनेची पिशवी काढाची नाई! कोन हाय तो डॉक्टर?"

बाई आत आल्या. गुडघ्यापर्यंत चिखल, काखेत गाठोडं, हातात मिटलेली छत्री. डॉक्टर नेमके राऊंडला होते. बाईंनी सवयीने आधी "जयभीम साहेब" म्हटलं आणि मग छत्री उगारली.

"तिची पिशवी नाई काढाची, सांगून ठेवते."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आजी, ती ठेवून उपयोग नाही. पूर्ण सडली आहे."

"सडली?" बाई मटकन खाली बसल्या. "माय वं! मागच्या साली तं चांगली होती!"

"बरीच वर्षं खराब असणार. आणि पिशवी नसली तरी माणूस उत्तम जगतो."

"जगते ना बापा, जगते! पन लेकरू?"

"लेकराचा काय संबंध?"

"ऐका! लेकराचा काय संबंध म्हन्ते!" बाई सगळ्या वॉर्डकडे वळून म्हणाल्या. मग त्यांचा आवाज फाटला. "एक तं पोटातलं गेलं तिचं. साऱ्या दिवाळीत मी दिवा नाई लावला मनातून. पोरगी खात नाई, बोलत नाई, मले काई सांगत नाई. आता पिशवीच काढून नेता, तं मंग तिनं वाट कोनाची पाहाची?"

मी खाटेवर उठून बसले होते. मला वाटत होतं, बाई ते विसरल्या. मला वाटत होतं, त्यांना ते कधी लागलंच नव्हतं. आणि इथे त्या चंद्रपूरच्या फरशीवर चिखलाच्या पायांनी बसून सगळ्यांपुढे माझ्या लेकरासाठी भांडत होत्या.

सगळ्यात आधी सिस्टरच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मग बाईंजवळ बसल्या आणि त्यांच्याच नाकाच्या कडेला बोट टेकवलं. "बाई, ही पिशवी. इथली. डोळ्याच्या पाण्याची."

बाईंनी स्वतःचं नाक चाचपलं. बराच वेळ चाचपलं. "डोळ्यालेही पिशवी रायते काय?"

सगळा वॉर्ड हसला. सिरोंचाच्या अम्मा काही न कळता हसल्या. डॉक्टर लाल झाले होते, तेही हसले. मला हसावं की रडावं कळेना, आणि माझा डावा डोळा नेहमीप्रमाणे माझ्या आधी सुरू झालेला.

पण बाई हार मानतील तर बाई कसल्या? गाठोडं सावरत उठल्या आणि म्हणाल्या, "तं तेही काढाची नाई. आंगात हाय म्हन्जे कामाचीच असन."

दुसरी वाट

आता मात्र डॉक्टर स्टूल ओढून बसले. मला वाटतं, त्या हसण्याने त्यांचंही पुस्तक मिटलं. म्हणाले, दुसरा उपाय आहे. पिशवी काढायची नाही. तिच्या शेजारी नाकाचं हाड असतं, त्याला भोक पाडायचं आणि पिशवी तिथून नाकाच्या आतल्या त्वचेला शिवून टाकायची. जुनी वाट बंद तर बंद, नवी करायची. "पण ते मी एकट्याने करत नाही. नागपूरचे आमचे सर अधूनमधून येतात, ते करतील. ऑपरेशन लांबतं, रक्त जातं, हाडावर छिन्नी चालवावी लागते आणि तुम्ही जाग्या असता. शिवाय नवी वाट पुन्हा बुजू शकते. आणि सर येईपर्यंत पुन्हा गाठ आली तर सगळंच लांबेल. पिशवी काढली तर उद्या मोकळ्या. विचार करा."

मला छिन्नीची भीती वाटली. इतकी, की तळपायाला घाम फुटला. बाई माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "साहेब, मला नवी वाट करून द्या. मला रडायचं असेल तेव्हाच डोळ्यात पाणी यावं."

डॉक्टर हसायला गेले, पण मग हसले नाहीत. "ठीक आहे," एवढंच म्हणाले.

सर येईपर्यंतचे दिवस बाई माझ्या खाटेखाली सतरंजी टाकून राहिल्या. गाय शेजाऱ्यांकडे, छप्पर गळो तर गळो. मागच्या पडवीत नातेवाइकांच्या चुली असायच्या, तिथे त्या भात आणि तुरीचं वरण शिजवायच्या आणि अम्मांनाही वाढायच्या. दोघी तासन् तास बोलत बसायच्या. एक तेलुगूत, एक आपल्या बोलीत. कुणाला काही कळत नसणार, तरी मधूनच दोघी एकदम मान हलवायच्या. मी डोळ्यावर गरम फडकं धरून ते ऐकत पडायचे. पाऊस पत्र्यावर पडायचा. भाषा विरघळून नुसता दोन म्हाताऱ्यांचा आवाज उरायचा, आणि त्या आवाजावर तरंगत मी झोपी जायचे. आजारपणात सुख लागतं म्हटलं तर लोक हसतील, पण लागलं.

छिन्नी

नाकात औषधाच्या पट्ट्या कोंबल्या, डोळ्याजवळ सुया टोचल्या, दंडात गुंगीचं इंजेक्शन दिलं. दुखलं ते एवढंच. पुढचं सगळं धुक्यात. चेहऱ्यावर हिरवं कापड होतं आणि त्यातून दिव्याचा उजेड हिरवा होऊन येत होता. मी सागाच्या पानांखाली पडले आहे असं वाटत होतं. मग आवाज आला. टक्. टक्. दुखणं नाही, नुसता आवाज, पण तो बाहेरून नाही, डोक्याच्या आतून. उन्हाळ्यात बाई ओट्यावर बसून चाराच्या बिया फोडतात, चारोळी काढायला, अगदी तसा. मी गुंगीत म्हणाले, "बाई, अख्खी निघाली काय?" सरांचा आवाज आला, "काय म्हणताहेत या?" टक्. टक्. घशात कोमट रक्त उतरलं, ते मी गिळलं. मग मला एक बारीक पाट दिसला, धानाच्या बांधीतला, आणि पाणी त्याच्या तोंडाशी येऊन थबकलेलं.

दुसऱ्या दिवशी नाकातल्या पट्ट्या ओढून काढल्या. त्या संपतच नव्हत्या. त्याबद्दल मी जास्त सांगत नाही, फक्त एवढंच की तेव्हा सिस्टरचा हात धरायला मिळाला तर सोडू नका. नाक शिंकरायचं नाही, गरम प्यायचं नाही, वाकायचं नाही. आणि टाके निघाले त्या दिवशी पुन्हा ती खुर्ची, ती बोथट सुई.

"खारट लागलं का?"

मी वाट बघितली. आधी नाकात गार वाटलं. मग जिभेच्या मागे, घशात, हळूच एक चव उतरली.

"लागलं!" मी ओरडलेच. "साहेब, खारट लागलं!"

दारात उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "मीठ जास्त झालं काय?"

कोरडा डोळा

नदी उतरली तसे यजमान आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं. "डोळा कोरडा दिसून राह्यला. ओळखू नाई आली तू," म्हणाले आणि त्यांचेच डोळे भरले.

कंदिलाची ती लांब किरणं गेली. साग आता वारा असला तरच हलतात. पहिले काही दिवस मला चुकल्याचुकल्यासारखं झालं, जग फारच नीट दिसायला लागलं होतं. नाकाच्या कडेला पांढरी रेघ आहे, जवळून बघितलं तरच दिसते. ज्यांचा डोळा असा वाहतो त्यांना माझं इतकंच सांगणं आहे, की सवय झाली म्हणून सोडून देऊ नका, गाठ यायची वाट बघू नका. आणि डॉक्टर एक उपाय सांगतील तर दुसरा आहे का ते विचारा. माझ्यासाठी ते बाईंनी विचारलं, तेही चुकून. रामटेके भाऊ अजून माझ्या नजरेला नजर देत नाहीत.

मोह फुलला तेव्हाची गोष्ट. बालवाडीत एक आई तिचं लेकरू पहिल्यांदा घेऊन आली. नुकतं चालायला लागलेलं, अजून बालवाडीचं वयही नव्हतं. ते माझं बोट धरून उभं राहिलं. माझं असतं तर एवढंच असतं. मी त्याला गाणं म्हणून दाखवलं, हसले, दुपारी घरी आले. अंगणात बाई सुपात मोहफुलं निवडत होत्या. मी शेजारी बसले, मूठभर फुलं ओढली आणि निवडायला लागले.

आधी घशात खारट लागलं. मग डोळे भरले, दोन्ही.

बाईंचे हात थांबले. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

"काऊन रडून राह्यली वं?"

या घरात हे मला कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं. "ते लेकरू गेलं म्हून," मी कसंबसं म्हणाले.

बाईंनी सूप खाली ठेवलं, माझ्याजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "सांग."